क्लीन म्हणजे काय, हे मला केव्हा कळलं

अंक काढणाऱ्या बाईंनी निरोप धाडला, काशीबाई, तुमच्या कामाबद्दल काहीतरी लिहा, नव्या पोरींना कळू द्या. मी म्हटलं, बाई, मी जशी बोलते तशीच लिहिते, आणि बोलायला बसले की लवकर थांबत नाही. त्या म्हणाल्या, चालेल. आता चालेल म्हणालात तर ऐका.

मी चारठाण्याची सुईण. आमचं घर न्हाव्याचं. नवरा गावात वस्तरा चालवायचा, सासू बाळंतपणं करायची, आणि सासूचे डोळे गेल्यावर तिचं काम माझ्याकडं आलं. शाळेचं तोंड मी पाहिलेलं नाही. वाण्याच्या पुड्या यायच्या, त्या कागदांवरची अक्षरं लावत लावत वाचायला शिकले आणि त्यावरूनच लिहायला. त्यामुळं माझ्या ऱ्हस्व-दीर्घाचं काही खरं नाही, ते छापणाऱ्यांनी बघून घ्यावं.

माझ्या सगळ्या कामात इंग्रजीचा एकच शब्द होता. तो म्हणायला मला आठ दिवस लागले. कळायला एक लेकरू गेलं. ते कसं, ते सांगते.

निजामाचा अंमल होता आणि तिकडं जर्मनची लढाई चालू होती. तालुक्याला एक छोटा जनाना दवाखाना होता, तिथं एक डॉक्टरीणबाई आल्या. मद्रासकडच्या. पांढरं पातळ, पायात बूट, आणि बोलायला लागल्या की आधी चष्मा काढून हातात घ्यायच्या. त्यांनी सरकारातून हुकूम काढवला की आसपासच्या गावांतल्या सुइणींनी आठ दिवस दवाखान्यात यावं, शिकवायचं आहे. आम्ही सात जणी जमलो. सगळ्यांत म्हातारी साळूबाई, तोंडात एक दात नाही, पण हातानं अर्धा तालुका जन्माला घातलेला. ती आल्या आल्या म्हणाली, ही बिनलेकराची बाई आपल्याला काय शिकवायलीय. आम्ही पदराआड हसलो. बाईंना मराठी येत नव्हतं हे आमचं नशीब.

शिकवणं असं चालायचं. बाई इंग्रजीत बोलायच्या, कंपाउंडर ते उर्दूत सांगायचा, आणि आमची उर्दू अर्धीमुर्धी, त्यामुळं उरलेलं आम्ही आपापसांत जुळवून घ्यायचो. पहिल्याच दिवशी बाईंनी सांगितलं की नाळ कापायचं हत्यार कसं पाहिजे. कंपाउंडर म्हणाला, पाक-साफ रखो. आम्ही सातही जणींनी माना हलवल्या. साळूबाईनं तर कमरेच्या पिशवीतून आपला विळा काढून दाखवला. घासूनपुसून लख्ख, वर हळदकुंकवाची बोटं. म्हणाली, हे बघा, आंघोळ केल्याबिगर मी ह्याला शिवत न्हाई.

डॉक्टरीणबाईंनी तो विळा हातात घेऊन बराच वेळ बघितला. मग कंपाउंडरला काहीतरी म्हणाल्या. काय म्हणाल्या ते त्यानं मला नंतर सांगितलं, म्हणून ठाऊक आहे. त्या म्हणाल्या होत्या, ह्या बायकांना साफ, पाक असले शब्द सांगूच नका. त्या शब्दांत ह्यांनी आधीच काहीबाही भरून ठेवलंय. मला एक रिकामं भांडं पाहिजे. मी ह्यांना असा शब्द देते, ज्यात अजून काहीच नाही.

आणि त्यांनी आम्हाला क्लीन हा शब्द दिला.

आता तुम्ही हसाल. तुमची चार वर्षांची नात हा शब्द बोलत असेल. पण आमच्या जिभेला क आणि ल एका झटक्यात म्हणायची सवयच नाही. आम्ही म्हणायचो किलीन. बाई मान हलवायच्या, पुन्हा म्हणायला लावायच्या. साळूबाईच्या तोंडून नुसती हवा निघायची. ती म्हणाली, माझं वय झालं, माझ्या जागी ही काशी म्हनंल. मग मी इरेला पेटले. दवाखान्याच्या धर्मशाळेत झोपायचो तिथं म्हणायची, नदीवर म्हणायची. मधे एक दिवस घरी आले तर जात्यावर बसून म्हणत होते. सासू आंधळी, पण कान तिखट. तिनं विचारलं, कुणाला बोलवायलीस गं?

म्हटलं, शब्द हाय आत्याबाई. विंग्रजी.

काय करायचा त्यो?

हत्यार उकळून घ्यायचं.

मंग उकळून घ्यायचं म्हन की, म्हणाली, आणि कूस बदलून झोपली.

सातव्या दिवशी माझ्या तोंडून शब्द नीट निघाला. डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांच्या देखत माझ्या पाठीवर हात ठेवला. आठव्या दिवशी आम्हाला एकेक पत्र्याचा डबा मिळाला. आत कात्री, दोरा, साबण आणि नखं घासायचा ब्रश. शिकवलेलं असं: पाणी उकळायला लागल्यापासून दोन भाकरी भाजून होईतो कात्री आणि दोरा त्यात राहू द्यायचा. हात कोपरापर्यंत साबणानं धुवायचे. नाळ कापल्यावर तिला काही लावायचं नाही. राख नाही, शेण नाही, हळद नाही, तेल नाही. मला हे सगळं तोंडपाठ होतं.

गावात आले आणि काय सांगू, त्या शब्दाची मला नशा चढली. एखाद्या घरी सांगावं की ही गोधडी बदला, तर चार जणी चार कारणं सांगायच्या. पण नुसतं म्हणावं, हे क्लीन न्हाई, की सगळ्या मुकाट बाजूला. अर्थच ठाऊक नाही तर वाद घालणार कशावर? मुन्शीजींच्या घरी त्यांची म्हातारी आई होती, शब्द खाली पडू द्यायची नाही. बाळंतिणीला जुन्या चिंध्यांवरच निजवायचं हा त्यांच्या घरचा रिवाज. मी म्हटलं, अम्मा, ये क्लीन नहीं. तिनं माझ्याकडं बघितलं, आत गेली, आणि पेटीतली कोरी चादर घेऊन आली. गावात मला किलीनबाई म्हणायला लागले. चिडवायला म्हणायचे, पण मला आत कुठंतरी गुदगुल्या व्हायच्या. खोटं कशाला बोलू.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी लिंगायत वाण्याचं दुकान होतं. घरात भागीरथीआक्का, त्यांचा एकुलता मुलगा, आणि गिरजा ही सून. त्या घराची मला ओढ होती, त्याला कारण होतं. दुसऱ्या घरी बाळंतपणाचा विटाळ धरतात. बाळ निघेपर्यंत सुईण देवासारखी, बाळ निघालं की तिला ओसरीच्या खाली पानावर वाढायचं. लिंगायतांत हा विटाळ मानत नाहीत. आक्का मला बाळंतिणीच्या खोलीतच बसवून ताट वाढायच्या, वर तुपाची धार धरायच्या. गिरजा सतरा-अठरा वर्षांची, पहिलटकरीण. आक्कांनी महिनाभर आधीपासून मला सांगून ठेवलं होतं.

कळा सकाळी सुरू झाल्या. मी गेले तोवर आक्कांनी खोली स्वतःच्या हातानं सारवली होती. मोलकरणीला हात लावू दिला नव्हता. भुई ओलसर, आक्कांच्या बोटांच्या रेघा एकसारख्या उमटलेल्या. मी हात धुतले, कात्री-दोरा उकळायला टाकला, सगळं शिकवल्याबरहुकूम. दुपारच्या आत मुलगा झाला. आक्का विभूतीचं ताटलं घेऊन आल्या. त्यांच्यात लेकरू जन्मलं की आधी कपाळाला विभूती, आणि त्या घरची रीत अशी की कापलेल्या नाळेलाही चिमूटभर लावायची. मी हात आडवा केला. म्हटलं, आक्का, डॉक्टरीणबाई न्हाई म्हनल्यात. क्लीन पायजे.

आक्कांनी हात मागं घेतला. त्यांचा चेहरा पडला.

मी चिमट्यानं कात्री बाहेर काढली. चटका बसण्याइतकी गरम. हात तर बाळात गुंतलेले, मग ती थोडा वेळ ठेवायची कुठं? ताटात ठेवावी तर ते जेवणाखाण्याचं. बाजेवर ठेवावी तर ती रक्तानं भरलेली. भुई मात्र नुकती सारवलेली. साऱ्या घरात तिच्याइतकी चोख जागा दुसरी नव्हती. मी कात्री तिथं ठेवली. बेसावधपणे टाकली नाही, हे लिहून ठेवते. विचार करून, जपून, दोन रेघांच्या मधे ठेवली. दोरा ठेवला तिच्या शेजारी. मग बाळाचं तोंड पुसलं, आणि कात्री उचलून नाळ कापली.

सहा दिवस सगळं ठीक. सातव्या दिवशी सकाळी गिरजानं बोलावणं पाठवलं की बाळ पीत नाही. मी त्याच्या ओठांत करंगळी घालून बघितली. जबडा उघडेना. दार वाजलं तरी अंग ताठ व्हायचं. हे दुखणं मी सासूच्या हाताखाली पाहिलेलं होतं. सातव्या-आठव्या दिवशी येतं आणि घेऊनच जातं. लोक म्हणतात सटवाईनं नेलं. डॉक्टरीणबाई त्याला धनुर्वात म्हणायच्या, आणि मळक्या हत्यारानं होतो म्हणायच्या. पण माझी कात्री तर उकळलेली होती. नवव्या दिवशी बाळाला जमिनीत ठेवलं.

आक्का एवढंच म्हणाल्या, इभूती लावू दिली असतीस तर.  मला ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

दिवाळी झाल्यावर साबण आणायला तालुक्याला गेले, तेव्हा डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. माझ्या मनात होतं की त्या म्हणतील, तू सगळं बरोबर केलंस, कधी कधी होतं असं. तोवर त्या तोडकीमोडकी उर्दू बोलायला लागल्या होत्या. त्यांनी एकेक पायरी विचारली. पाणी किती वेळ उकळलं, हात कसे धुतले. मी सांगत गेले. मग त्यांनी विचारलं, कैंची कहाँ रखी?

जमीन पर, मी म्हटलं.

कैसी जमीन?

क्लीन, मी म्हटलं. अगदी नीट उच्चार केला. ताजी सारवलेली होती, बाईसाहेब.

किससे?

गोबर से.

त्यांनी चष्मा काढला. तो पदरानं पुसला. मग सांगितलं. धनुर्वाताचं बी जनावराच्या शेणात असतं. डोळ्यांना दिसत नाही, वाळल्यानं मरत नाही. कात्री उकळली तेव्हा तिच्यावरचं सगळं मेलं, आणि भुईवर ठेवली तेव्हा नवं लागलं. उकळल्यापासून नाळेला लागेपर्यंत कात्री कशालाही शिवता कामा नये. उकळलेल्या भांड्यातच, झाकून, आणि तिथून थेट नाळेवर. पुढं म्हणाल्या, नाळेला शेण लावू नका हे मी शिकवलं. भुईचं सांगायचं मला सुचलंच नाही. तुमच्याकडं भुई शेणानं सारवतात हे रोज बघत होते, तरी सुचलं नाही.

आणि मला विचारायचं सुचलं नाही. सुचणार कसं? शेणानं तर आपण बाटलेलं घर पुन्हा शुद्ध करून घेतो. देव मांडायचा तर आधी जागा सारवायची. बाईंनी मला रिकामं भांडं दिलं होतं आणि मी घरी नेऊन त्यात माझं तेच जुनं भरून ठेवलं होतं, वरून उच्चार तेवढा चकचकीत.

येताना बैलगाडीत मी ठरवलं होतं की आक्कांना सांगायचं. गल्लीच्या तोंडाशी उतरले, दुकानावरून पुढं गेले, आणि सांगितलं नाही. मी मनाशी म्हटलं, आता सांगितलं तर लोक म्हणतील हे कात्रीचं थोतांडच नको, पुन्हा विळ्यावर जातील, आणखी लेकरं मरतील. हे कारण खोटं नव्हतं. पण ते मी मागाहून शोधलं होतं. आधी आली ती भीती.

त्या दिवसापासून कात्री मी भांड्याबाहेर ठेवली नाही. घरोघर बघायचे, शिकवायचे. पण विहिरीवर बायका बोलायच्या ते कानावर यायचं. गिरजाच्या दुधातच काहीतरी आहे म्हणे, म्हणून पोरानं तोंड लावायचं सोडलं. तिला कडू काढे पाजायला लागले, कोण काय सांगेल ते. ती मला दुकानात दिसायची, वाळलेली. मी घागर उचलून घरी यायची.

दोन वर्षांनी तिला पुन्हा दिवस गेले. ते रझाकारांच्या धामधुमीचं वर्ष. गल्लीतली निम्मी घरं वऱ्हाडात निघून गेली होती, आक्कांचं घर गिरजासाठी थांबलेलं. गावात दुसरी सुईण नव्हती. आक्कांनी मोलकरणीकडून सांगावा धाडला. मोलकरीण बिचारी दारात उभी राहून चाचरत म्हणाली, आक्कांनी बोलवलंय, पन तुमचा किलीन भाईर ठिवून या म्हनल्या.

मी डबा घेऊन गेले. दुपार टळत होती. भुई पुन्हा सारवलेली, पुन्हा त्याच रेघा. मी चुलीवर भांडं चढवलं, कात्री-दोरा आत, वर झाकण. ते उकळून झाल्यावर तसंच झाकलेलं उचलून जवळ आणून ठेवलं. मुलगा झाला. पहिल्यासारखाच, काळ्याभोर जावळाचा. मी वळते तर आक्का विभूतीचं ताटलं घेऊन उभ्या. ह्या वेळी त्या हटणार नव्हत्या, ते त्यांच्या उभं राहण्यातच दिसत होतं.

म्हणाल्या, काशे, आता हात आडवा घालू नगंस. गेल्या खेपेला तुझं ऐकलं आन लेकरू घालवलं.

गिरजा बाजेवरून बघत होती. बाळाची नाळ अजून माझ्या बोटांखाली उडत होती. मी दुसरं काहीही सांगितलं असतं तर आक्कांनी ऐकलं नसतं, आणि ऐकायचं तरी का त्यांनी? मी म्हटलं, आक्का, पयलं लेकरू इभूतीवाचून न्हाई गेलं. माझ्या हातानं गेलं. उकळलेली कात्री मी भुईवर ठिवली व्हती. शेणात त्या दुखण्याचं बी असतंय. मला डॉक्टरीणबाईनं मागून सांगितलं. इभूती बी शेणाचीच राख हाय, नाळेला नगा लावू.

 मग आक्का अगदी हळू म्हणाल्या, भुई म्या सारवली व्हती.

सारवली तुमी, मी म्हटलं. कात्री ठिवली म्या.

 त्यांनी हातातलं ताटलं कोनाड्यात ठेवलं. भांड्याकडं बघितलं, भुईकडं बघितलं. मला वाटलं आता मला बाहेर काढतील, आणि काढलं असतं तरी मी नाळ कापून मगच गेले असते. त्या म्हणाल्या, काप.

मी भांड्यातून कात्री काढली आणि कापलं. दोरा बांधला, वर काही लावलं नाही. बाळ पुसून आक्कांच्या हातात दिलं. त्यांनी कोनाड्यातल्या विभूतीत बोट बुडवलं आणि तसंच अधांतरी धरून मला विचारलं, कपाळाला चालंल का?

एवढ्या मोठ्या बाईनं मला विचारावं.  मी मान डोलावली.

सुईण बाळंतिणीला रोज तेल लावून न्हाऊ घालते. तिसऱ्या दिवशी मी गिरजाच्या पाठीवर ऊन पाणी ओतत होते, तेव्हा ती भिंतीकडं तोंड करून बोलली. काशीबाई, तुमाला कवापासून ठावं व्हतं?

त्याच दिवाळीपासून, मी म्हटलं.

मला वाटायचं माझ्या दुधातच इख हाय. ह्याला पाजायच्या आदी अजूनबी थेंब चाखून बघती मी.

मी पाणी ओतत राहिले. करणार काय? माफी मागायला तोंड उघडलं असतं तर तिलाच मला समजवावं लागलं असतं, एवढं मला कळत होतं. एक लेकरू माझ्या अडाणीपणानं गेलं, त्याचं मी काहीतरी उत्तर देऊ शकते. ही दोन वर्षं तिनं स्वतःच्या छातीला शिव्या देत काढली, ती मी विहिरीवर तोंड न उघडता घागर घेऊन परतले म्हणून. त्याला माझ्याजवळ उत्तर नव्हतं, आजही नाही.

सातव्या दिवशी मी उजाडताच गेले. उंबऱ्याशी बसले. आठव्या दिवशीही बसले, नवव्याही. बाळ भुकेनं कळवळून रडायचं आणि आम्ही तिघी जणी कान देऊन ऐकायचो. त्याचं तोंड उघडतंय, ह्याच्यापलीकडं आम्हाला काही नको होतं. बारसं झालं आणि चौथ्या दिवशी त्यांची गाडी वऱ्हाडाकडं गेली. आक्कांनी माझी ओटी भरली, खणासकट, रीत म्हणून. कात्रीचं गावात कुणाजवळ बोलल्या नाहीत. मी वाट बघत होते की आज सांगतील, उद्या सांगतील, आणि लोक माझ्या दारात येतील. कुणी आलं नाही.

त्यानंतर माझ्याकडं किती पोरी शिकायला आल्या. मी त्यांना शब्द शिकवला नाही. शब्द त्यांना माझ्यापेक्षा चांगले येतात. मी उकळलेली कात्री त्यांच्या हातात देते आणि म्हणते, बाई, जरा खाली ठेव बघू. मग ती कुठं ठेवते ते बघत बसते. कुणी माझ्या स्वच्छ पदरावर ठेवते, कुणी देवाच्या पाटावर. एकीनं कपाळाला लावून मग ठेवली. मी रागावत नाही. तिथूनच शिकवायला सुरुवात करते.

निजाम गेला, आक्कांचं घर परत आलं, आणि पुढच्या वर्षी गिरजाची तिसरी खेप. मला वाटलं नव्हतं, पण बोलावणं मलाच आलं. गेले तर खोलीतली भुई सारवलेली नव्हती, नुसती झाडून पाण्यानं पुसलेली. चुलीवर भांडं आधीच चढलेलं, झाकण घातलेलं, आणि आक्का त्याच्या शेजारी पाटावर बसलेल्या. मी कोपरापर्यंत हात धुतले, नखं घासली, पुन्हा धुतले, आणि भांड्याकडं गेले. आक्कांनी झाकणावर हात ठेवला.

हात धुतलेस का?

धुतले आक्का, मी म्हटलं. दोनदा.

त्यांनी हात काढला नाही. मी मागं फिरले आणि तिसऱ्यांदा धुतले. मग त्यांनी झाकण उचललं.